होडीत बसलेलं माणूस

बायू मिरेय
९ सप्टेंबर

प्रिय ओडाली,

शुक्रवारची ती कोळंबीची गोण आठवते का तुला? माझ्या पपाच्या होडीवरून कॉन्व्हेंटला आलेली आणि सिस्टर फिलोमेननं परत पाठवलेली. स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवरून आपण दोघी ती धक्क्यावर परत नेत होतो, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. बर्फाचं पाणी गळून आपल्या पांढऱ्या मोज्यांत चाललं होतं आणि तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "नोएली, आता गावातली सगळी मांजरं आपल्याला मागणी घालायला येणार." मी इतकी हसले की गोण हातातून सुटली. कोळंबी बारीक निघाली म्हणून परत केली असणार. बारीक कोळंबी सोलायचा सिस्टरना भारी कंटाळा.

काल बंद पडलेला फ्रीझर उघडला आणि तो वास आला. चाळीस-पन्नास वर्षं एकदम मागे गेले बघ.

तू काळजी करत असशील. वादळ गेलं, मी सुखरूप आहे. छप्पर पुढच्या अंगाला शाबूत आहे, मागच्या अंगाला आकाश आहे. ओकच्या झाडाखाली गॅसची शेगडी मांडली आहे आणि गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडे जेवतात. कालच्या फ्रिकासेला कोंबडी कुणाची, कांदा कुणाचा, तांदूळ कुणाचे, देवाला ठाऊक. चव छान आली होती. फोनचा मनोरा शाळेच्या मैदानात आडवा पडलाय. तो उभा राहिला तरी मी तुला पत्रच लिहीन, कारण फोनवर तू सदा शिडीवरून बोलल्यासारखी बोलतेस.

आता मुख्य गोष्ट. जूड! अगं, तुझा धर्मपुत्र! वारा जरा नरमला मात्र, पाऊस चालूच होता, तोवर यानं बापाची सपाट बुडाची होडी काढली. "ममा, मिस ओइडा एकटी आहे," एवढं म्हणाला आणि गेला. मिस ओइडा ओतमां स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेली सापडली, मांडीवर तिचं ते म्हातारं कुत्रं. मग फाल्गूंचं अख्खं घर. मग बायूच्या, आपल्या खाडीच्या, पलीकडचे सगळे. होडी भरली की चर्चच्या हॉलमध्ये आणून सोडायचा आणि पुन्हा जायचा. अंधार पडेपर्यंत त्यानं पाठ टेकली नाही.

आणि ऐक, तू त्याला अ‍ॅडजस्टरचं काम शिकवलंस ते काही वाया गेलं नाही. करारपत्रं त्यानं बर्फाच्या पेटीत, सँडविचच्या खाली कोरडी ठेवली होती. लोकांनी तिथंच, होडीतच, अंगावर ब्लँकेट घेऊन सह्या केल्या. सगळ्यांनी! मिस ओइडाची सही थरथरली, पण सुंदर आली म्हणे. आता सगळ्या बायू मिरेयचे विम्याचे क्लेम माझा जूड बघणार. विमा कंपनीचा सर्व्हेअर कंपनीसाठी नुकसान मोजतो आणि जूडसारखा अ‍ॅडजस्टर आपल्यासारख्या घरवाल्यांसाठी, हे मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगते. त्याचा बाप असता तर छाती फुटून मेला असता. तो आधीच गेलाय म्हणून बरं.

तू आता बॅटन रूजला त्या आचारसमितीवर आहेस ना, अ‍ॅडजस्टर लोकांनी कसं वागावं हे ठरवणाऱ्या? मग हे पत्र वाचून दाखव त्यांना. म्हणावं, वागणं असं असतं. आमच्या बायूवर येऊन बघा.

तुझी,
नोएली


होमा
१७ सप्टेंबर

प्रिय नोएली,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी कुणाच्या तरी पोटमाळ्यावर, छताखाली भरलेल्या ओल्या कापसात गुडघे टेकून बसले होते. तिथंच वाचलं. घरवाली खालून ओरडली, "मॅडम, वर काही वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही बाई, माझी मैत्रीण जिवंत आहे."

मांजरांचं मी म्हणाले होते हे मी विसरलेच होते. तू कशी विसरत नाहीस?

मागच्या अंगाला ताडपत्री नीट बांधून घे. खिळे छपराला नको, लाकडी पट्टीवर मार, आणि त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढ. भिजलेली गादी फेकायची असेल तर फेक, पण तिचा एक तुकडा कापून ठेव. हे झालं अ‍ॅडजस्टरचं बोलणं.

आता नेनेनचं, त्याच्या धर्ममातेचं बोलणं. जूडला बाप्तिस्म्याला मी हातांवर धरला तेव्हा तो फादरच्या चष्म्याला झोंबला होता. तेव्हापासून त्याला समोर दिसेल ती गोष्ट आधी धरायची सवय आहे. त्यानं होडी काढली याचं मला किती कौतुक वाटलं ते तुला कागदावर सांगता येणार नाही. शेजारणीला बोलवून सांगितलं मी. तिला तो कोण हेही माहीत नाही.

पण नोएली, तो सह्यांचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. मला खरं सांग. काम त्यानं मागितलं की त्यांनी दिलं? पाऊस तेव्हाही पडत होता का? आमच्या धंद्यात एक नियम सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सोपा आहे: संकट चालू असताना संकटातल्या माणसाकडे काम मागायचं नाही. वादळ जाऊ दे, माणसाला कोरडे कपडे घालू दे, कॉफी पिऊ दे, घरच्यांशी बोलू दे, मग दार वाजव. हा नियम कुणी कशासाठी केला ते मी पाहिलंय. मी नवी होते तेव्हा पाण्यातून माणसं गाड्या घेऊन यायची, डिकीत पाण्याच्या बाटल्या आणि बाटल्यांबरोबर करारपत्रं. आम्हा सगळ्यांना तेव्हा गिधाडं म्हणत. मला तोंडावर म्हटलंय. ते नाव पुसायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

हे पत्र मी समितीत वाचून दाखवणार नाही. पण वाचलं नाही असंही मला करता येणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आमची बैठक आहे. त्या दिवशी मी अध्यक्षांना एवढंच सांगेन की बायू मिरेयच्या एका प्रकरणात मी बसू शकत नाही, कारण तिथं माझं माणूस आहे. ते कारण विचारणार आणि मी खोटं बोलणार नाही. त्याआधी जूडनं समितीला स्वतः लिहून कळवावं. स्वतः गेलेला माणूस वेगळा आणि बोलावून आणलेला वेगळा. त्याला हे पत्र दाखव.

रागावशील हे मला माहीत आहे. तरी पण अंगणातली शेगडी वाऱ्याच्या बाजूला ठेवू नकोस.

तुझी,
ओडाली


बायू मिरेय
२४ सप्टेंबर

ओडाली,

जूडला पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, घडी करून खिशात टाकलं आणि मिस ओइडाच्या घरातला चिखल काढायला गेला. गेले चार दिवस तो जेवायला बसतो आणि उठतो. हे तुझ्या नियमांनी केलं.

तुमची समिती त्या दिवशी कुठं होती ग? बॅटन रूजला, एसीत, कॉफीच्या कपावर बशी झाकून? ओट्यावर बसलेल्या बाईकडे तुमचा एक तरी नियम पोहत आला का? आला तो माझा मुलगा. तो म्हणतो, "मी विचारलं होतं, ममा. जबरदस्ती कुणावर केली नाही." मग? विचारणं हा गुन्हा कधीपासून झाला? आपण इथं विचारूनच एकमेकांच्या घरात शिरतो.

तू त्याची नेनेन. बाप्तिस्म्याला 'सैतानाला नाकारतेस का' असं फादरनी विचारलं तेव्हा त्याच्या वतीनं तू 'हो' म्हणालीस. आता त्याच्या वतीनं एवढंही म्हणवत नाही तुला?

आणि मी मूर्ख. मी तुला बढाई म्हणून लिहिलं आणि तू साक्ष म्हणून वाचलंस.

या वर्षी ऑल सेंट्सला, थडग्यांच्या सणाला, येऊ नकोस. थडग्यांना चुना मी एकटी लावीन.

नोएली


होमा
२ नोव्हेंबर

प्रिय नोएली,

मी आले होते. येऊ नकोस म्हणाली होतीस म्हणून तू मेणबत्त्या लावून गेल्यावर, ऊन उतरताना आले. चुन्याची बादली गाडीत ठेवली होती, निदान माझ्या मामाँचं, माझ्या आईचं थडगं तरी मी पांढरं करीन म्हणून. बघते तर ते आधीच पांढरं. कोपऱ्यांत ब्रश आडवा फिरवायची तुझी पद्धत मी कुठंही ओळखीन. वर एक सात्सुमा संत्रं ठेवलेलं, सोलून. मामाँला सोलायचा कंटाळा होता हे आता जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे.

तिथंच कठड्यावर बसून मी ते संत्रं खाल्लं. चालेल ना? ती काही बोलली नाही.

मला कळलं की जूडनं समितीला स्वतः लिहिलं, बैठकीच्या आदल्या आठवड्यात. काय लिहिलं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. त्या प्रकरणाचे कागद येतात तेव्हा मी खोलीतून बाहेर जाते. सुनावणी वीस नोव्हेंबरला आहे. मी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसेन, आत येणार नाही. साक्षीदारही नाही आणि समितीही नाही. नेनेन म्हणून बसेन. तेवढं मला कुणी मना करू शकत नाही.

तू त्याच्याबरोबर ये. बोलू नकोस माझ्याशी, पण ये.

आणि एक दुरुस्ती. ती कोळंबी बारीक नव्हती. तुझ्या पपानं त्या दिवशीची सगळ्यांत मोठी कोळंबी निवडून धाडली होती, मी गोणीत हात घालून पाहिलं होतं. पुढच्या बुधवारी भरतकामाचं बक्षीस होतं. तू त्यात होतीस आणि परीक्षक सिस्टर फिलोमेन होत्या. म्हणून परत केली. मी त्यांना विचारलं होतं, "सिस्टर, मिस्टर एत्येन दर शुक्रवारी पाठवतात, मग आजच काय झालं?" त्या म्हणाल्या, "दर शुक्रवारी घेईन. या शुक्रवारी नाही."

तुझा पपा रागावला नाही, आठवतं? धक्क्यावर सगळ्यांना हाका मारून सांगत होता, "कॉन्व्हेंटनं माझी कोळंबी परत केली!" जसं काही बिशपनं त्याला पदक दिलं. आणि बुधवारी बक्षिसाचं ते चांदीचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं, तुला मिळालं. तुझ्याबरोबर स्पर्धेत असलेल्या जान-मारीच्या आईनंसुद्धा तुझा रुमाल उलटा करून पाहिला, पाठीमागचे टाके मोजले आणि गप्प बसली. पूर्ण गावात कुणाची जीभ हलली नाही. ते अंगुस्तान त्या दिवशी जितकं तुझं झालं तितकं ते, गोण ठेवून घेतली असती तर, झालं नसतं.

मला जूडचं लायसन्स तसं हवं आहे, नोएली. मागचे टाके कुणीही मोजावेत असं.

तुझी,
ओडाली


बायू मिरेय
२२ नोव्हेंबर

प्रिय ओडाली,

परवा त्या बाकावरून तू उठलीस आणि मी तुझ्या समोरून चालत गेले. मला बोलायचं होतं. पाय सरळ बसकडे गेले. तुझ्या मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, पाय जुळवलेले, जशी काही सिस्टर आत तपासणी करत आहेत आणि तुझा नंबर यायचाय. तू सकाळपासून तशीच बसली होतीस असं दारावरच्या शिपायानं सांगितलं. कॉफीसुद्धा घेतली नाहीस म्हणे. वेडी कुठली.

तू आत नव्हतीस, म्हणून आत काय झालं ते मी लिहिते.

चर्चची बस मी भरून नेली होती. माझा बेत असा होता की समितीनं माणसं मोजता मोजता थकावं. मिस ओइडाला मी सगळ्यांत पुढं बसवलं, तिच्या निळ्या टोपीसकट. कुत्र्यालाही ती आणणार होती, ड्रायव्हरनं नाही म्हटलं. बसमध्ये तिला मी पढवलं होतं, "फक्त खरं बोल, मिस ओइडा, बाकी काही नको." मला वाटलं खरं बोलली की झालं.

जूडनं आधी आपलं लेखी म्हणणं वाचलं. लोकांनी आपणहून सह्या केल्या, कुणावर दबाव नव्हता, वगैरे. तुमच्या अध्यक्षांनी, त्या श्रेव्हपोर्टच्या उंच गृहस्थांनी, विचारलं, "होडी काढताना करारपत्रं का घेतलीत?" जूड म्हणाला, "सवय, सर. कागद कोरडे आणि हाताशी असावेत असं मला शिकवलंय." कुणी शिकवलं ते त्यानं सांगितलं नाही. मी मात्र दाराकडे बघितलं.

मग मिस ओइडा उठली. अध्यक्ष फार अदबीनं बोलले तिच्याशी.

"बाई, यांनी तुम्हाला सही करायला सांगितलं का?"

"सांगितलं नाही हो. विचारलं. 'मिस ओइडा, तुमच्या घराचं मी बघू का?' इतका गोड पोरगा. याच्या बापाला मी रविवारी बायबल शिकवलंय. तो मात्र गोड नव्हता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी नाइटगाऊनमध्ये, मांडीवर कुत्रं, दात घरी राहिलेले. अहो, त्या घडीला तो म्हणाला असता, 'मिस ओइडा, माझ्याशी लग्न करा,' तरी मी सही केली असती!"

सगळी बस हसली. मी हसले. अध्यक्षही हसले. हसू थांबल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, "आणि नाही म्हणावंसं वाटलं असतं तर, बाई?"

मिस ओइडानं त्यांच्याकडे असं पाहिलं की या शिकलेल्या माणसाला झालंय काय. म्हणाली, "नाही? त्याच्या होडीत बसून? अहो, पाणी होतं ना चहूकडे!"

ती कौतुकानंच म्हणाली, ओडाली. तिला अजूनही वाटतं तिनं त्याला वाचवलं.

मी जूडकडे बघत होते. हसताना सगळ्यांबरोबर तो हसला नव्हता. हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, तापातून उठल्यावर लहानपणी उतरायचं तसं. तो उभा राहिला. त्याला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. म्हणाला, "सर, मी आत्ता जे वाचलं त्यातला 'आपणहून' हा शब्द खोडतो. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला तसंच वाटत होतं. पण माझ्या होडीत बसलेलं माणूस मला नाही म्हणू शकत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सगळी करारपत्रं मी रद्द करतो. तुम्ही काय करायचं ते करा."

बसमधली माणसं ओरडायला लागली. फाल्गूंचा म्हातारा, जूडचा धर्मपिता, म्हणाला, "अरे, आम्ही पुन्हा करतो ना सही! इथंच करतो! पेन द्या!" जूड वळून म्हणाला, "नाही, पार्रँ. आता मी तुमचा कागद घेतला तर तोही होडीतलाच." आणि म्हातारा फाल्गू, जो पोप आला तरी ऐकणार नाही, तो खाली बसला.

एक वर्ष लायसन्स बंद. तुला कळलंच असेल.

मी तिथं काय करायला हवं होतं? रडायला हवं होतं ना? मी हँडबॅगमधून सात्सुमा काढली आणि समितीला वाटत सुटले. प्रत्येकाला एक. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आम्हाला पक्षकारांकडून काही घेता येत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे हो. माझ्या पपाची कोळंबीसुद्धा परत आली होती." आणि सगळी परत गोळा केली. त्यांना काही कळलं नाही. मला मात्र त्या क्षणी असं वाटलं की पपा धक्क्यावर उभा राहून का ओरडत होता ते आज कळलं. मलाही बाहेर येऊन ओरडावंसं वाटलं, "माझ्या मुलानं आपली करारपत्रं परत केली!" तू समोर दिसलीस आणि मी तशीच बसमध्ये जाऊन बसले.

म्हणून इथं ओरडते. माझ्या मुलानं आपली करारपत्रं परत केली, ओडाली! मागचे टाके मोजायला आलेल्या माणसांसमोर त्यानं रुमाल स्वतः उलटा केला.

आता मला सांग, या सगळ्या लोकांचे क्लेम कोण बघणार? मिस ओइडा म्हणते, तूच बघ. माझंही तेच म्हणणं. आणि तुझं हे निवृत्तीचं काय ऐकते मी? फाल्गूंच्या सुनेला होमात कुणीतरी सांगितलं. मला सगळ्यांत शेवटी कळावं असं काही ठरलंय का?

तुझी,
नोएली

ता. क. मामाँचं संत्रं तू खाल्लंस ते बरं केलंस. मी ते तुझ्याचसाठी ठेवलं होतं. येऊ नकोस म्हटल्यावर तू येणार हे मला माहीत नव्हतं का?


होमा
३ डिसेंबर

प्रिय नोएली,

तू माझ्या समोरून गेलीस तेव्हा हँडबॅगेतून एक सात्सुमा खाली पडलं आणि घरंगळत माझ्या बाकाखाली आलं. मी उचललं नाही. तोवर तू पक्षकाराची आई होतीस. तुम्हा सगळ्यांची बस फाटकाबाहेर गेल्यावर उचललं आणि गाडीत बसून खाल्लं. एवढं गोड फळ या वर्षी दुसरं मिळालं नाही.

तुझं पत्र वाचताना मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. होडीतलं माणूस नाही म्हणू शकत नाही! इतकी वर्षं मी लोकांना तो नियम समजावून सांगते आहे, वर्गांत, बैठकांत, तरण्या पोरांना, त्यांच्या जांभयांसमोर. इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही. ते सांगितलं माझ्या धर्मपुत्रानं, आणि सांगायला लावलं नाइटगाऊनमधल्या मिस ओइडानं.

आता एक बातमी, जी तू चर्चच्या पायऱ्यांवर सांगू शकतेस. प्रकरण संपलं, तेव्हा मी पुन्हा माझ्या खुर्चीवर बसले. कालच्या बैठकीत आम्ही आचारनियमांत एक ओळ वाढवली: सुटकेसाठी नेणाऱ्या वाहनात आणि आसऱ्याच्या जागी कुणाचीही सही घ्यायची नाही, त्यानं स्वतः मागितली तरी नाही. मी मांडली, श्रेव्हपोर्टवाल्यांनी उचलून धरली. आमच्या कार्यालयातल्या मुली तिला 'होडीचा नियम' म्हणतात. यापुढं ह्या राज्यात जो कुणी लायसन्स घ्यायला येईल त्याला ती ओळ पाठ करावी लागेल. बायू मिरेय कुठं आहे हे त्यांना माहीत नसेल. पण नियम आपल्या पाण्यातून आलाय.

मिस ओइडाचं काम मी घेऊ शकत नाही, आणि गल्लीतल्या दुसऱ्या कुणाचंही नाही. ज्या प्रकरणातून मी बाहेर बसले त्याच प्रकरणातून माझ्या दारात गिऱ्हाईक यावं, हे मला चालणार नाही. तुम्ही सगळे दोत्रेय यांच्याकडे जा. हो, तेच, लाफिएटचे अ‍ॅडजस्टर. हसू नकोस. तीस वर्षं आम्ही एकमेकांना पाहून रस्ता बदलतो. माणूस शिष्ट आहे, मिशीला मेण लावतो, आणि माझ्या मोजमापात त्यानं दोनदा चूक काढली. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं. म्हणून त्याच्याकडे जा. मी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, "मादाम वेरे, तुम्ही माझं नाव सुचवलंत? तुमची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे. तुमची मिशी बरी आहे ना?" तो येत्या मंगळवारी येईल. त्याला जेवायला घालू नकोस असं मी म्हणत नाही. पण सही सगळ्यांनी आपापल्या घरात, टेबलाशी बसून, कॉफी पिऊन झाल्यावर करायची. आणि दुसऱ्या दिवशी मन बदललं तर तसंही बिनधास्त सांगायचं.

निवृत्तीचं खरं आहे. गुडघे शिडीला नको म्हणतात. पोटमाळ्यावर चढते तेव्हा उतरायचं कसं याचा विचार आधी येतो, आणि ज्या अ‍ॅडजस्टरला तो विचार आधी येतो त्यानं थांबावं. नाताळानंतर पाटी उतरवीन. समितीवर मात्र आणखी दोन वर्षं आहे, तिथं बसूनच काम आहे.

तर कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुझी आणि माझ्या भाच्यांची बाचाबाची नको.

पोटमाळ्यातला मोठा टॉर्च दोत्रेयना. दोनदा उसना नेला होता आणि दोन्ही वेळा नवे सेल घालून परत केला. शिष्ट असला तरी माणूस आहे.

भिंतीतली ओल सांगणारं यंत्र मिस ओइडाला, तिची भिंत खरोखर वाळली की नाही हे तिचं तिला कळावं म्हणून. कसं लावायचं ते तू दाखव. कुत्र्याला लावू देऊ नकोस.

रबरी बूट तुला. तुझ्या पायाला होतात, आणि पुढच्या वर्षी थडग्यांजवळ चिखल असणार.

पाटी, जिच्यावर माझं नाव आहे, ती मला ठेवायची आहे. कुणाला देणार नाही.

लांब शिडी जूडला. आज नाही. पुढच्या वर्षी, लायसन्स परत हातात येईल त्या दिवशी. तोवर ती तुझ्या शेडमध्ये आडवी राहील आणि अंजीर काढायलासुद्धा कुणी तिला हात लावायचा नाही. त्यानं वर्षभर आपल्या काकाबरोबर कोळंबी पकडायला जावं. आता त्याची कोळंबी आपण दोघी बिनदिक्कत घेऊ, दर शुक्रवारी, आणि ती मोठी असली तरी.

अंगुस्तान तुझं आहे. त्याचं काय करायचं हे सांगायचा मला हक्क नाही, आणि तुझ्या लेकाला सुईत दोरा ओवता येत नाही हेही मला माहीत आहे. पण मला विचारशील तर तेही त्याच दिवशी, शिडीबरोबर, जूडला दे.

तुझी,
ओडाली